व्हॉल्व्ह आवाज मोठा करतो म्हणजे नेमकं काय करतो?

प्रश्न : काका, मी अकरावी सायन्सला आहे. आमच्या पणजोबांचा पाच व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावरून खाली काढला आणि बाबांनी तो लॅमिंग्टन रोडवरून दुरुस्त करून आणला. आता छान वाजतो. व्हॉल्व्ह काय करतो, असं मी मेकॅनिकना विचारलं, तर ते म्हणाले, ‘आवाज मोठा करतो.’ पण कसा? काचेच्या आत तर पोकळी आहे, आतले भाग एकमेकांना टेकलेलेही नाहीत. मग वीज जाते कुठून? आणि छोटा सिग्नल मोठा होतो, तर जास्तीची शक्ती येते कुठून? आमच्या सरांनी ‘नळाच्या तोटीसारखं’ एवढंच सांगितलं. – एक विद्यार्थिनी, दादर

उत्तर : तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो कळला की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. जास्तीची शक्ती भिंतीतल्या प्लगमधून येते. अँटेनाकडून आलेला सिग्नल व्हॉल्व्हमध्ये फुगत नाही. रेडिओच्या आत बेस्टच्या विजेवर चालणारा दुसराच एक दणकट करंट वाहत असतो, आणि सिग्नल त्या करंटला फक्त ‘आता वाढ, आता कमी हो’ असं सांगत राहतो. स्पीकर हलवतो तो हा दुसरा करंट. त्याचा आकार सिग्नलचा, ताकद बेस्टची. इतकी वर्षं व्हॉल्व्हचे सेट दुरुस्त करतोय, पण या गोष्टीचं मला अजूनही मनापासून कौतुक वाटतं.

आता पोकळीतून वीज कशी जाते ते पाहू. धातू पुरेसा तापला, की त्याच्या पृष्ठभागावरचे काही इलेक्ट्रॉन उसळून बाहेर पडतात. १८८०च्या दशकात एडिसनला त्याच्या दिव्यांमध्ये हे दिसलं होतं. तापलेल्या तारेजवळ, तिला न टेकणारी एक पट्टी बसवून तो ती बॅटरीच्या धन टोकाला जोडायचा, तेव्हा मधल्या पोकळीतून करंट जायचा. ऋण टोकाला जोडली की जायचा नाही. याचा उलगडा त्याला करता आला नाही, कारण इलेक्ट्रॉनचाच शोध लागायचा होता. तो जे. जे. थॉमसननी १८९७ साली लावला. मग १९०४ साली लंडनमध्ये फ्लेमिंग यांनी याच गुणाचा उपयोग करून दोन भागांचा पहिला व्हॉल्व्ह बनवला. एक भाग तापणारा, त्याला कॅथोड म्हणतात. दुसरा गोळा करणारा, ती प्लेट. करंट एकाच दिशेने जाणार, उलट कधीच नाही. तुमच्या रेडिओत एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह, बहुधा ईझेड ८०, आजही एवढंच काम करतो.

तुमच्या सेटमधल्या व्हॉल्व्हचा कॅथोड म्हणजे निकेलची बारीक नळी असते आणि तिच्यावर बेरिअम-स्ट्रॉन्शिअम ऑक्साइडचा पांढरा लेप असतो. नळीच्या पोटात फिलामेंट असतं. ते ६.३ व्होल्टवर तापतं आणि नळीला साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतं. या लेपातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून दिव्याच्या तारेसारखं पांढरंशुभ्र तापवावं लागत नाही. मंद नारिंगी लाली पुरते. रेडिओ लावल्यावर वीस-तीस सेकंद काहीच ऐकू येत नाही ना, तो वेळ ही नळी तापायला लागतो.

पोकळी कशासाठी, हेही समजून घे. हवा असेल तर फिलामेंट जळेल, हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं. हवेच्या रेणूंच्या गर्दीतून इलेक्ट्रॉनला प्लेटपर्यंत सरळ जाताच येणार नाही. आणि टक्कर होऊन रेणूचा इलेक्ट्रॉन निघाला की उरलेला धनभारित आयन उलट कॅथोडवर येऊन आदळतो आणि लेप खराब करतो. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीन भागांचा व्हॉल्व्ह बनवला, पण नळीत थोडा वायू असायलाच हवा अशी त्यांची समजूत होती. १९१३च्या सुमारास लँगम्यूर आणि आर्नल्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी आपापल्या प्रयोगशाळेत दाखवून दिलं, की वायू जितका काढून टाकाल तितका व्हॉल्व्ह भरवशाचा होतो. माझ्या मते व्हॉल्व्हच्या इतिहासात तिसऱ्या भागाच्या खालोखाल मान या स्वच्छ पोकळीला द्यायला हवा.

तो तिसरा भाग म्हणजे ग्रिड. तुझ्या ‘कसा?’चं उत्तर तिथे आहे. कॅथोडच्या भोवती, त्याच्यापासून मिलिमीटरच्या छोट्याशा अंशावर, केसाइतक्या बारीक तारेची वेटोळी गुंडाळलेली असतात. वेटोळ्यांच्या मधून वाट मोकळी असते. प्लेट त्यांच्या पलीकडे, बरीच दूर. कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन तिथेच घोळक्याने रेंगाळत असतात, आणि सगळेच ऋणभारित असल्याने मागून येणाऱ्यांना मागे रेटतात. प्लेटवर दोन-अडीचशे व्होल्ट धन दाब असतो, तो यातल्या काहींना खेचून नेतो. अशा वेळी अगदी जवळ असलेल्या ग्रिडवर काही व्होल्टचा ऋण दाब दिला, की घोळक्यातले बरेच इलेक्ट्रॉन परतवले जातात. ऋण दाब जरासा कमी केला, की तितकेच जास्त सुटतात. ग्रिड जवळ आणि प्लेट लांब, शिवाय प्लेटचं आकर्षण ग्रिडच्या तारांआडून कॅथोडपर्यंत पोचेतो क्षीण झालेलं. म्हणून ग्रिडवरचा एक व्होल्ट प्लेटवरच्या कितीतरी व्होल्टना भारी पडतो. अँप्लिफायरवाल्यांच्या आवडीच्या ईसीसी ८३ या व्हॉल्व्हमध्ये हे प्रमाण १ ला १०० असं आहे.

तुझ्या सरांची तोटी एका बाबतीत अगदी बरोबर आहे : तोटी फिरवणाऱ्या हाताची ताकद आणि नळातल्या पाण्याचा जोर या वेगळ्या गोष्टी आहेत. पण तोटी फिरवायला थोडा तरी जोर लावावा लागतो आणि ती पाण्याची वाट प्रत्यक्ष बुजवते. ग्रिड वाट बुजवत नाही, तिच्या भोवतालचं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनांना थोपवतं. आणि ग्रिड ऋण असल्यामुळे तिच्यावर इलेक्ट्रॉन उतरतच नाहीत. म्हणजे तिच्यातून करंट जवळजवळ शून्य. म्हणजेच तिला हलवायला शक्ती जवळजवळ लागतच नाही.

हे आकड्यांत बघ. तुमच्या रेडिओचा शेवटचा व्हॉल्व्ह ईएल ८४ असेल असं धरतो. (काचेवरची अक्षरं वाचायला शीक. ‘ई’ म्हणजे फिलामेंट ६.३ व्होल्टचं, ‘एल’ म्हणजे स्पीकर चालवणारा पेंटोड. पेंटोडमध्ये ग्रिड तीन असतात. सिग्नल जातो तो कॅथोडच्या सर्वांत जवळच्या ग्रिडवर.) कारखान्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे याच्या प्लेटवर २५० व्होल्ट, ग्रिड कॅथोडपेक्षा ७.३ व्होल्टने ऋण, आणि प्लेटचा करंट ४८ मिलिअँपिअर. २५० गुणिले ०.०४८, म्हणजे १२ वॅट, सिग्नल नसतानाही सतत चालू. इलेक्ट्रॉन सेकंदाला ९ हजार किलोमीटरहून अधिक वेगाने प्लेटवर आदळतात आणि त्या १२ वॅटची उष्णता होते. व्हॉल्व्हला हात लावता येत नाही तो मुख्यतः यामुळे. आता ग्रिडवर साधारण साडेचार व्होल्टचा एसी सिग्नल दिला, की करंट खालीवर होऊ लागतो आणि स्पीकरकडे सुमारे साडेपाच वॅट जातात. आणि सिग्नलला खर्च किती? ग्रिडपासून जमिनीकडे ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स असेल, तर त्यात जळतात सुमारे ४३ मायक्रोवॅट. भागाकार करून बघ, शक्तीतला फरक लाखाच्या वर जातो. ते लाखपट बेस्टच्या मीटरवर पडतं.

करंट बदलला की आवाज कसा होतो, एवढंच राहिलं. आधीच्या व्हॉल्व्हमध्ये प्लेटच्या वाटेत एक मोठा रेझिस्टन्स असतो, समज १ लाख ओहमचा. करंट ०.१ मिलिअँपिअरने वाढला, की ओहमच्या नियमाने त्या रेझिस्टन्सवर १० व्होल्ट जास्त पडतात आणि प्लेटचा दाब १० व्होल्टने उतरतो. करंटमधला बदल असा व्होल्टेजमधल्या बदलात उतरतो आणि एका कंडेन्सरमधून पुढच्या ग्रिडवर जातो. शेवटच्या व्हॉल्व्हला मात्र स्पीकर हलवायचा असतो. व्हॉल्व्हला हवा असतो सुमारे ५ हजार ओहमचा भार, आणि स्पीकर असतो ४ ओहमचा. दोघांत आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवतात : ३६ फेऱ्यांना १ फेरा, असं त्याचं प्रमाण साधारण येतं. जास्त दाब आणि थोडा करंट त्यात शिरतो, थोडा दाब आणि जास्त करंट बाहेर पडतो. स्पीकरच्या पाठीशी बसवलेला लोखंडी ठोकळा दिसला, तर तो हाच असेल.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांचा व्हॉल्व्ह सेट आहे. पावसाळ्यात लावला की दहा मिनिटांनी आवाज घोगरा होतो. परवा मागून पाहिलं, तर शेवटच्या व्हॉल्व्हच्या आतला राखाडी पत्रा लाल झाला होता. व्हॉल्व्ह नवीन घ्यावा का? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : आधी सेट बंद करा आणि कारण सापडेपर्यंत लावू नका. लाल झालेला पत्रा म्हणजे प्लेट. ईएल ८४ असेल, तर तिची मर्यादा १२ वॅटची आहे; ती लाल दिसते याचा अर्थ मर्यादेपेक्षा बराच जास्त करंट जातोय. असा सेट चालू ठेवला, तर व्हॉल्व्हसोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. व्हॉल्व्ह पुन्हा मिळेल, पण जुन्या सेटच्या मापाचा ट्रान्सफॉर्मर मिळताना फार वणवण होते.

नवा व्हॉल्व्ह लगेच घेऊ नका, तोही तसाच लाल होईल. दहांतल्या नऊ वेळा दोष आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटपासून या ग्रिडकडे येणाऱ्या कंडेन्सरमध्ये असतो. वर दादरच्या विद्यार्थिनीला सांगितलं, की सिग्नल या कंडेन्सरमधून पुढे जातो. त्याचं दुसरं काम म्हणजे आधीच्या प्लेटवरचं डीसी अडवणं. जुन्या सेटमध्ये हे कंडेन्सर मेण लावलेल्या कागदाचे असायचे. मुंबईच्या हवेत, त्यातही समुद्राजवळच्या घरांत, मेणाला चिरा पडतात, कागद ओल धरतो आणि डीसी झिरपू लागतं. किती झिरपतं ते पाहा : आधीच्या प्लेटवर १२० व्होल्ट आहेत, कंडेन्सरची गळती १० मेगओहम आहे आणि ग्रिडचा रेझिस्टन्स ४७० किलोओहम. हिशोब केला तर ग्रिडवर ५ व्होल्टहून जास्त धन दाब येतो. १० मेगओहम म्हणजे साध्या मीटरवर काटा हलतानाही दिसत नाही, लोक ‘कंडेन्सर चांगला आहे’ म्हणून सोडून देतात. पण ज्या ग्रिडने ७ व्होल्ट ऋण राहून करंट आवरायचा, तिच्यावर ५ व्होल्ट धन आले, तर आवर कसला राहणार? प्लेट तापते, आवाज फाटतो.

तपासणी सोपी आहे, पण ज्याला आत हात घालायची सवय आहे त्यालाच करायला सांगा. डिजिटल मल्टिमीटर डीसीवर ठेवून चासी (सगळे भाग ज्यावर बसवलेले असतात तो धातूचा सांगाडा) आणि ग्रिडची पिन यांच्यातला दाब मोजायचा. तो शून्य असायला हवा. धन दाब दिसला, तर सेट बंद करायचा, प्लगही काढायचा, मोठे कंडेन्सर डिस्चार्ज करायचे, म्हणजे त्यांत साठलेली वीज काढून टाकायची, आणि संशयित कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोल्डरमधून सोडवायचं. पुन्हा लावून मोजायचं. दाब गेला, तर दोष कंडेन्सरचा. टोक सोडवूनही सेट तापल्यावर दाब चढत गेला, तर मात्र व्हॉल्व्हच्या आत वायू झालाय किंवा ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागलीये. मग व्हॉल्व्ह बदलावाच लागेल.

कंडेन्सर त्याच मायक्रोफॅरडचा, पॉलिस्टर फिल्मचा आणि ६३० व्होल्टचा घाला. लॅमिंग्टन रोडवर किरकोळ किमतीत मिळतो. मेणाचा एक गेला असेल, तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत. एकाच बैठकीत सगळे बदलून घ्या. सेटला शिवाय घुंईऽऽ असा सारखा आवाज येत असेल, तर ते १०० हर्ट्झचं गुणगुणणं आहे आणि त्याचा संबंध पॉवर सप्लायच्या वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरशी आहे. ती वेगळी दुरुस्ती.

प्रश्न : पूर्वी मुंबईत व्हॉल्व्हचा संगणक बनला होता, असं ऐकलं. खरं आहे का? रेडिओचा व्हॉल्व्ह गणित कसं करणार? – एक वाचक, चेंबूर

उत्तर : अगदी खरं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे आपल्या टीआयएफआरमध्ये, ‘टिफ्रॅक’ नावाचा संगणक १९६० साली कामाला लागला. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याला हे नाव दिलं. त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनिअम डायोड आणि १२,५०० रेझिस्टन्स होते. आपल्याच माणसांनी, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली, तो उभा केला. रेडिओवर प्रेम करणाऱ्या प्रत्येक मुंबईकराला याचा अभिमान वाटावा असं मला वाटतं.

संगणकात व्हॉल्व्हचं काम रेडिओपेक्षा सोपं असतं. रेडिओत करंटचा प्रत्येक बारीक चढउतार जपावा लागतो. संगणकात ग्रिड पुरेशी ऋण करून करंट पूर्ण तोडायचा, किंवा ऋण दाब काढून पूर्ण सोडायचा. दोनच अवस्था, शून्य आणि एक. दोन व्हॉल्व्ह असे जोडतात की एक चालू असला की दुसरा बंद राहील, मग ती जोडी एक अंक लक्षात ठेवते. त्रास उष्णतेचा. एका लहान व्हॉल्व्हचं फिलामेंटच २ वॅटच्या आसपास खातं. २,७०० फिलामेंटं एकदम पेटली, की पाच-एक किलोवॅट तिथेच गेले, गणिताला सुरुवात व्हायच्या आधी.

प्रश्न : चोरबाजारात एक जुना लहान रेडिओ पाहिला, दुकानदार ‘एसी-डीसी सेट आहे, चालू कंडिशन’ म्हणतो. घ्यावा का? घेताना काय बघू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : घ्या, पण आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एसी-डीसी सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. सगळी फिलामेंटं एकामागे एक जोडून थेट २३० व्होल्टवर टाकलेली असतात, आणि चासी मेनच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला, की अख्खी चासी जिवंत. बटणाची टोपी निघालेली असेल, तर तिच्या आतल्या दांड्याला बोट लागलं तरी झटका बसतो, आणि तो जीव घेऊ शकतो. असा सेट कसा ओळखायचा? व्हॉल्व्हच्या नंबरांची सुरुवात बघा. युसीएच ८१, युएल ८४, युवाय ८५ असे ‘यु’ने सुरू होणारे नंबर असतील, तर तो एसी-डीसी. घरात मुलं असतील, तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेनच्या तारांपासून वेगळा ठेवणारा) लावल्याशिवाय तो सेट वापरू नका. मागचं पुठ्ठं फाटलेलं असेल, तर ते आधी बसवा.

दुकानात ‘चालवून दाखवतो’ म्हणाले, तर नको म्हणा. वीस-तीस वर्षं बंद असलेल्या सेटला एकदम पूर्ण दाब दिला, की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर फुटू शकतात आणि चांगले व्हॉल्व्हही सोबत जातात. त्याऐवजी प्रत्येक व्हॉल्व्हची काच उजेडात धरून बघा. आत, बहुधा टोकाला, आरशासारखा चंदेरी डाग दिसेल. तो बेरिअमचा थर आहे. कारखान्यात पोकळी केल्यावर उरलेला वायू शोषून घ्यायला तो मुद्दाम दिलेला असतो. डाग चकाकत असेल, तर आतली पोकळी शाबूत आहे. कडा तपकिरी झाल्या असतील, तरी चालतं, व्हॉल्व्ह बराच वापरलेला आहे एवढंच. डाग दुधासारखा पांढरा झाला असेल, तर काचेला तडा जाऊन हवा आत गेली आहे. तो व्हॉल्व्ह कामाचा नाही, दुकानदार काहीही सांगो. मग पिना बघा. हिरवट गंज असेल, तर तो साफ करता येतो, पण वाकलेली पिन सरळ करायला जाऊ नका, तिच्या मुळाशी काच तडकते.

नंतर स्पीकरचा कागद हलक्या बोटाने दाबून बघा, घासत असेल तर तो बदलावा लागेल. आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंची कंटिन्युइटी, म्हणजे आतली तार कुठे तुटलेली नाही ना हे, मीटरने तपासून घ्या. तो तुटलेला असेल, तर किंमत निम्म्यावर आणायला सांगा. व्हॉल्व्ह एखाद-दुसरा कमी असला तरी हरकत नाही. बंगळुरूच्या बीईएलने, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सने, बनवलेले जुने व्हॉल्व्ह चोरबाजारात आणि लॅमिंग्टन रोडवर शोधले तर अजून हाती लागतात. नंबर कागदावर लिहून नेला, की काम लवकर होतं.